पासिंग ताजं, पत्रा सडका : जुन्या गाडीच्या पासिंगवर शंका आली तर काय करायचं

मामांनी गाडी घेतली तेव्हा तिचं पासिंग होऊन जेमतेम २३ दिवस झाले होते. १५ वर्षं पूर्ण झालेली पेट्रोल हॅचबॅक, मूळची मुंबईच्या बाजूची. विकणारा डीलर नाशिकचाच, पासिंग मात्र दुसऱ्या एका जिल्ह्यात झालेलं. आरसीवर पुढच्या ५ वर्षांची तारीख. "पासिंग नवंकोरं आहे काका, आता ५ वर्षं बघायचं काम नाही," हे डीलरचं वाक्य मामांनी घरी येऊन आम्हाला जसंच्या तसं ऐकवलं. पुढच्या रविवारी मामीला घेऊन वणीच्या गडावर जायचं ठरलं होतं.

आदल्या दिवशी मी सहज म्हणून गाडी पाथर्डी फाट्याजवळच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी ती रॅम्पवर चढवली आणि डाव्या मागच्या चाकापुढे, जिथं जॅक लावतात त्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटली. टणटण वाजायला हवं तिथं भद्द असा आवाज आला. मग त्यांनी अंगठा दाबला. काळ्या रंगाची खपली निघाली आणि अंगठ्याचं अख्खं पेर आत गेलं. मामा आरसीची झेरॉक्स हातात धरून उभे होते. मिस्त्री म्हणाले, "काका, कागद राहू द्या. इथं बोट घालून बघा."

गडावर जाणं रद्द झालं. पुढचे चार महिने आम्ही या प्रकरणामागे होतो. त्यात जे कळलं ते क्रमाने लिहितो आहे. आपल्याकडे जुनी गाडी घेणारा माणूस बहुतेक वेळा पहिल्यांदाच चारचाकी घेत असतो आणि घरातली चार माणसं त्याच्या भरवशावर तीत बसतात.

पासिंगचा कागद नेमकं काय सांगतो

खासगी गाडीची नोंदणी मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे १५ वर्षांची असते. ती संपताना फॉर्म २५ भरून, गाडी प्रत्यक्ष हजर करून, तपासणीत ती योग्य ठरली तर नोंदणी ५ वर्षांनी वाढवून मिळते. अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. यालाच आपण रीपासिंग म्हणतो. टॅक्सी, टुरिस्ट, टेम्पो यांचं वेगळं असतं. त्यांना फॉर्म ३८ मधलं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत ते दर २ वर्षांनी घ्यायचं, त्यानंतर दरवर्षी.

आता हे दोन नियम शेजारी ठेवून बघा. ९ वर्षांच्या टॅक्सीला दरवर्षी तपासणीला उभं राहावं लागतं. १५ वर्षांची खासगी गाडी एकदा पास झाली की पुढची ५ वर्षं तिच्याखाली कोणी वाकून बघत नाही. कागद त्या एका दिवसाच्या गाडीबद्दल बोलतो, आणि विकणारा त्याच कागदावर ५ वर्षांची हमी विकतो. पीयूसीचंही तसंच. पीयूसी फक्त धुराबद्दल सांगते. ब्रेक, स्टिअरिंग, पत्रा यांच्याशी तिचा संबंध नाही.

तपासणीत बघायचं काय असतं? ब्रेक, हँडब्रेक, स्टिअरिंगचा खेळ, हेडलाइटची दिशा, धूर, हॉर्न, वायपर, आरसे, टायर, इंजिन आणि चासी नंबर. यंत्रावर तपासणी होते तिथं ब्रेक रोलरवर मोजतात. चाकं दोन रोलरवर चढवायची, रोलर फिरवायचे, ब्रेक दाबायचा, आणि प्रत्येक चाकाने किती जोर लावला तो आकडा छापून येतो. डाव्या-उजव्यात फार फरक असला तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. नाशिकच्या पेठ रोडवरच्या आरटीओत असं यंत्रांवर तपासणारं निरीक्षण व प्रमाणीकरण केंद्र बऱ्याच वर्षांपासून आहे. जिथं यंत्र नाही तिथं ट्रॅकवर गाडी चालवून निरीक्षक ब्रेक बघतो. राज्यात २५० मीटरचे ट्रॅक हवेत हा विषय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता, कारण गाड्या नीट न तपासता फिटनेस मिळतं हीच तक्रार होती. तुम्हाला जी शंका येते आहे ती नवी नाही आणि वेडगळही नाही.

आधी गाडी उभी करा

गंभीर दोष दिसला की गाडी चालवणं थांबवा. गंभीर म्हणजे ब्रेक पाइप गंजून पापुद्रे सुटलेला, ब्रेक ऑइल गळतंय, सस्पेन्शन जिथं बसतं तिथला पत्रा सडलाय, स्टिअरिंगचा बॉल जॉइंट खिळखिळा, टायरची तार दिसतेय. घरी न्यायची असेल तर टोइंग बोलवा. पैसे जातात, जाऊ द्या.

हे जिवासाठी आहेच, शिवाय कायद्यासाठीही आहे. कलम १९० प्रमाणे गाडीत दोष आहे हे माहीत असून, किंवा साध्या काळजीने कळलं असतं असं असून, ती रस्त्यावर आणली तर १,५०० रुपये दंड आहे. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणाला इजा झाली किंवा नुकसान झालं तर ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मिस्त्रींनी दोष दाखवल्याच्या क्षणापासून तो तुम्हाला 'माहीत' आहे. त्यानंतर "पण पासिंग आहे" म्हणून सुटका होत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी सगळ्यांच्या हातून चुकते : लगेच दुरुस्ती करू नका. मामांनी त्याच संध्याकाळी वेल्डिंगवाल्याला फोन लावला होता, मी हातातून फोन घेतला. पत्रा बदलला, पाइप बदलला की तुमचा पुरावा भंगारात गेला.

खरा प्रश्न : हा दोष पासिंगच्या दिवशीही होता का?

सगळं प्रकरण इथंच ठरतं, त्यामुळे यावर वेळ घालवा. गाडीत दोष निघाला म्हणजे पासिंग खोटं होतं असं होत नाही. बल्ब काल गेला असेल. काचेला तडा परवा ओझरजवळ ट्रकखालचा खडा उडून गेला असेल. ब्रेक पॅड, वायपरची रबरं, बॅटरी या झिजणाऱ्या वस्तू आहेत. असल्या दोषांवर पासिंगबद्दल ओरड केली तर पहिल्याच टेबलावर तुमचं हसं होईल आणि खऱ्या दोषाकडेही कोणी बघणार नाही.

म्हणून दोषांची दोन गटांत वाटणी करा. तीन-चार आठवड्यांत होऊ शकतात ते एका बाजूला, ज्यांना वर्षं लागतात ते दुसऱ्या बाजूला.

दुसऱ्या गटात सगळ्यात बोलका पुरावा गंजाचा. पत्र्याला आरपार भोक पडायला वर्षं लागतात. नाशिकची हवा कोरडी आहे, इथल्या गाड्या खालून तशा टिकतात. मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरीकडे राहिलेल्या गाडीचं तसं नसतं. खाऱ्या हवेने ती वरून चकचकीत आणि खालून पोखरलेली असू शकते. अशा गाड्या आपल्याकडे स्वस्तात येतात आणि खाली बघायची आपल्याला सवय नसते. बघायच्या जागा या : दारांखालची लांब पट्टी, जॅक लावायच्या चार जागा, मागच्या सस्पेन्शनची बैठक, स्पेअर व्हीलचा खड्डा, पायाखालचं मॅटिंग उचलून फ्लोअरचा पत्रा. मुठीने वाजवत जा. ठणठणीत पत्रा आणि सडका पत्रा यांच्या आवाजातला फरक पहिल्याच वेळी कळतो. वरच्या बॉडीवर कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथं ते धरत नाही तिथं खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

खालचा काळा रंग वेगळा बघा. कंपनीचं अंडरकोटिंग जुनं, मळलेलं, सगळीकडे सारखं असतं. ताजा मारलेला रंग नटांवर, रबरी बुशांवर, सायलेन्सरच्या पट्ट्यांवरही उडालेला दिसतो. मामांच्या गाडीत तो ब्रेक पाइपवर होता, आणि रंगाखाली पाइप खडबडीत लागत होता. गंजावर रंग मारणं आणि 'मला माहीत नव्हतं' म्हणणं, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत नाहीत. त्या उडालेल्या थेंबांचे फोटो मी भोकाच्या फोटोंपेक्षाही जास्त काढले. कायद्याच्या भाषेत दोष लपवणं हे नुसतं गप्प बसण्यापेक्षा बरंच मोठं आहे, त्यावर पुढे येतोच.

टायर. खाचांची खोली कमीत कमी १.६ मिलिमीटर हवी. खाचेच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात, टायर त्यांच्या पातळीला आला की तो संपला. बाजूच्या भिंतीवर शेवटचे चार अंक म्हणजे बनल्याचा आठवडा आणि वर्ष. ३२१४ असेल तर २०१४ चा ३२ वा आठवडा. पासिंगनंतर गाडी ३०० किलोमीटर चालली आणि टायर गुळगुळीत, तर तो पासिंगच्या दिवशीही गुळगुळीतच होता. मात्र पासिंगपुरते चांगले टायर चढवून नंतर काढून घेणं हाही प्रकार चालतो. त्यामुळे टायरवरून निरीक्षकावर बोट ठेवायची घाई नको.

पुराची गाडी. नाशिकच्या गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी आलं यावर आपण गोदेचा पूर मोजतो. गाडीतही पाणी कुठवर आलं याच्या खुणा राहतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसेल. सीटच्या खालच्या रुळांवर गंज, डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर. हे महिन्यात होत नाही.

सीएनजी असेल तर सिलिंडरची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) व्हायला हवी आणि आरसीवर इंधन म्हणून सीएनजीची नोंद हवी. टेस्टची तारीख पासिंगच्या आधीच उलटून गेली असेल तर तो सरळ तारखांचा पुरावा आहे, त्यात कोणाच्या मताचा प्रश्न येत नाही.

चालवून बघायच्या गोष्टी, गाडी चालवण्याइतकी सुरक्षित असेल तरच : इंजिन चालू ठेवून ब्रेक एक मिनिट दाबून धरा, पेडल हळूहळू खाली बसत गेलं तर कुठेतरी गळती आहे. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा मारा, दाबून धरा आणि स्टार्ट करा. पेडल किंचित खाली जायला हवं, नाहीतर ब्रेकला जोर देणारा बूस्टर काम करत नाही. चावी ऑन केल्यावर एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागून विझले पाहिजेत. ज्या गाडीत ते आहेत आणि लागतच नाहीत, तिथं कोणीतरी दिवाच काढलेला असू शकतो.

कागदांची उलटतपासणी

परिवहनच्या वेबसाइटवर किंवा एम-परिवहन ॲपवर नंबर टाका. नोंदणीची तारीख, फिटनेसची मुदत, विमा, पीयूसी, गाडीवर कर्जाचा बोजा आहे की उतरलाय, सगळं दिसतं. फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

मग पासिंगच्या तारखेभोवतीचा आठवडा धरून बसा. त्या दिवशी विमा आणि पीयूसी चालू होती का? पीयूसी कुठल्या गावची? फास्टॅगचा हिशेब विकणाऱ्याकडून मागा. गाडी खरंच दुसऱ्या जिल्ह्यात तपासणीला गेली असेल तर घोटी, शिंदे किंवा पिंपळगाव, वाटेतल्या कुठल्यातरी टोलवर नोंद असेल. ई-चलनांची यादी बघा, चलनावर जागा आणि वेळ असते. पासिंगच्या दिवशी, त्याच दुपारी गाडी भलत्याच शहरात सिग्नल तोडताना पकडलेली असेल तर आणखी काय हवं! टोलची नोंद नाही म्हणजे गाडी गेलीच नाही असं मात्र होत नाही, गाडी तेव्हा जवळपासच कुठे उभी असू शकते. तो प्रश्न विचारायचा आधार समजा, निकाल नव्हे.

चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. १७ अक्षरं-अंक असतात, त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. आसपास घासल्याच्या खुणा, वाकडी ओळ, नवं वेल्डिंग दिसलं तर हे प्रकरण पासिंगपेक्षा वेगळं आणि गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर गाडी चोरीची आहे का ते बघता येतं.

गाडी आधी टॅक्सी होती आणि नंतर खासगी करून घेतली, असंही निघू शकतं. तसं असेल तर तिच्या जुन्या फिटनेसच्या तारखाही मागवा.

पुरावा उभा करणं

तुमच्या मिस्त्रींचं तोंडी मत घरात चालतं, कार्यालयात चालत नाही. लेखी हवं. दोन मार्ग आहेत. त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला तपासणी करून दोषांसह एस्टिमेट द्यायला सांगा. त्यावर गाडीचा नंबर, चासी नंबर, किलोमीटर आणि तारीख हवी. किंवा विम्याचे परवानाधारक मोटार सर्व्हेअर असतात, ते फी घेऊन लेखी अहवाल देतात. आम्ही दोन्ही केलं. सर्व्हेअरना सुरुवातीलाच सांगितलं, "दुरुस्तीला किती लागेल ते नंतर, आधी हा गंज किती जुना असावा तेवढं लिहा." त्यांच्या अहवालातलं ते एक वाक्य पुढे सगळीकडे कामाला आलं.

फोटो काढताना प्रत्येक दोषाचा एक जवळून आणि एक लांबून, ज्यात नंबर प्लेट किंवा ओळखता येईल असा भाग दिसेल. किलोमीटरचा काटा वेगळा. एक सलग व्हिडिओ, मध्ये न थांबवता, नंबर प्लेटपासून सुरू होऊन भोकापर्यंत. ज्या फोनवर काढलं तो फोन जपून ठेवा. डीलरची जाहिरात, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, "एकदम टॉप कंडिशन" म्हणणारे व्हॉइस मेसेज, काहीही डिलीट करू नका. जाहिरात उतरवली जाते, म्हणून तिचा स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी.

काही कारणाने एखादा भाग काढावाच लागला तर तो लेबल लावून पिशवीत ठेवा. मामांच्या घरच्या माळ्यावर गंजक्या ब्रेक पाइपचा तुकडा चार महिने होता.

विकणाऱ्याशी बोलणं

आधी फोन करा, शांतपणे. पण त्याच दिवशी तेच लेखी पाठवा. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. पत्रात दोष, अहवालाची प्रत, काय हवं ते स्पष्ट (गाडी परत आणि पैसे, किंवा दुरुस्तीचा खर्च) आणि १५ दिवसांची मुदत.

विकणारा डीलर असेल तर त्याचं अधिकारपत्र मागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात आली की फॉर्म २९-सी ने ते कळवावं लागतं. हे न करता गाडी थेट जुन्या मालकाच्या नावावरून तुमच्या नावावर आली असेल तर डीलर नंतर म्हणतो, "मी फक्त मध्यस्थ होतो." म्हणून पैसे कोणाच्या खात्यात गेले ते दाखवणारं बँकेचं स्टेटमेंट फार महत्त्वाचं. रोख दिले असतील तर निदान पावती.

पावतीवर बहुतेक वेळा "गाडी जशी आहे तशी घेतली" असं छापलेलं असतं. त्याने घाबरून जाऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७ मध्ये वस्तुस्थिती जाणूनबुजून लपवणं ही फसवणूक धरली आहे, आणि फसवणुकीने झालेला करार फसलेल्या माणसाला रद्द करता येतो. पण कलम १९ मध्ये एक अपवादही आहे : समोरचा फक्त गप्प बसला आणि साधी काळजी घेतली असती तर तुम्हाला खरं कळलं असतं, तर तुमची बाजू लंगडी होते. म्हणून तो काळा रंग महत्त्वाचा. तिथं कोणी गप्प बसलं नव्हतं, तिथं कोणीतरी ब्रश हातात घेतला होता.

आरटीओकडे

इथं दोन वेगळी कामं आहेत. पहिलं, पासिंगची नोंद मिळवणं. ज्या कार्यालयाने तपासणी केली त्याच कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, लांबण लावली की अर्ज परत येतो. आम्ही लिहिला तो असा :

"वाहन क्र. ____, चासी क्रमांकाचे शेवटचे पाच अंक ____, या माझ्या मालकीच्या वाहनाच्या नोंदणी नूतनीकरणासाठी दि. ____ रोजी आपल्या कार्यालयात झालेल्या तपासणीच्या पुढील कागदांच्या प्रती द्याव्यात : तपासणी अहवाल व त्यातील सर्व नोंदी, यंत्रावर चाचणी झाली असल्यास तिचे छापील निकाल, तपासणीच्या वेळी काढलेली छायाचित्रे, तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम, वाहन हजर केल्याची तारीख व वेळ."

बस, एवढंच. आरोप करू नका, "का" विचारू नका, फक्त कागद मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

दुसरं काम, गाडीची आजची अवस्था नोंदवणं. आपल्या आरटीओकडे लेखी अर्ज करून फेरतपासणी मागता येते. नाशिकमध्ये एमएच १५ साठी पेठ रोड, मालेगाव भागात एमएच ४१ चं कार्यालय. खासगी गाडी सार्वजनिक रस्त्यावर धोकादायक आहे असं दिसलं तर कलम ५३ प्रमाणे, तुमचं म्हणणं ऐकून, दोष दूर होईपर्यंत नोंदणी निलंबित करता येते. व्यावसायिक गाडीचं फिटनेस कलम ५६ खाली, कारणं लेखी नोंदवून, रद्द होऊ शकतं. अशा आदेशावर ३० दिवसांत अपील असतं. हे मी आधीच सांगतो आहे, कारण फेरतपासणी मागितली तर निलंबन तुमच्याच गाडीचं होणार. तरीही मी मामांना तेच करायला सांगितलं. गाडी तशीही उभीच होती, आणि सरकारी कागदावर दोष आला की डीलरला तो नाकारता येत नाही. शिवाय तीच गाडी, तोच कागद दाखवून, उद्या दुसऱ्या कोणाला विकली जाऊ नये.

या फेऱ्यांत कोणीतरी तुम्हाला भेटेलच, जो म्हणेल, "दोन हजार द्या, मिटवून टाकतो." देऊ नका. पैसे मागणारा सरकारी माणूस असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४. तपासणीच्या पद्धतीबद्दलच तक्रार असेल तर प्रादेशिक परिवहन अधिकारी, त्यानंतर मुंबईचं परिवहन आयुक्त कार्यालय. तिथं तुमच्या हातात माहिती अधिकारातून आलेला तपासणी अहवाल आणि सर्व्हेअरचा अहवाल, दोन्ही शेजारी ठेवलेले असले पाहिजेत. अहवालात 'खालचा भाग : योग्य' आणि त्यानंतर महिन्याभरातच काढलेल्या फोटोत आरपार भोक, यावर वेगळं भाष्य करावं लागत नाही.

ग्राहक आयोग, दिवाणी कोर्ट, पोलीस

डीलरकडून घेतली असेल तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे डीलर बाहेरगावचा असला तरी नाशिकमध्ये चालते. व्यवहार ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत २ वर्षांची. वकील सक्तीचा नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवर भरता येते, आणि त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंदवली तर काही वेळा तिथंच तडजोड होते. आयोगाला गरज वाटली तर वस्तू तज्ज्ञ तपासणीला पाठवता येते. गाडी त्याच अवस्थेत ठेवायचं हेही एक कारण.

शेजाऱ्याने, ऑफिसातल्या माणसाने आपली एकच गाडी विकली असेल तर तो व्यापारी नाही, आयोगाचा रस्ता बहुतेक बंद. तिथं वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा. पोलिसांकडे जायचं ते कागद बनावट असतील, चासी नंबर खोडलेला असेल किंवा पैसे उकळण्यासाठीच फसवल्याचं दिसत असेल तर. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे. नुसत्या गंजावर पोलीस तुम्हाला कोर्टात जा म्हणतील, आणि त्यांचं फार चुकतं असंही नाही.

गाडी परत देताना

मामांच्या डीलरने पहिल्या पत्राला उत्तर दिलं नाही. दुसऱ्या पत्रासोबत सर्व्हेअरचा अहवाल आणि फेरतपासणीच्या अर्जाची पोच जोडली, त्यानंतर पाचव्या दिवशी फोन आला. गाडी परत घेतो, रक्कम दोन हप्त्यांत देतो.

इथं घाई करू नका. पैसे परत आले आणि गाडी तुमच्याच नावावर राहिली तर उद्याचा अपघात, चलन, गुन्हा, सगळं तुमच्या दारात येतं. परतीचा करार लेखी करा, त्यात दोषांची यादी आणि सोबत दिलेल्या अहवालाचा उल्लेख असू द्या, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला डीलर 'माहीत नव्हतं' म्हणू शकणार नाही. डीलर अधिकृत असेल तर फॉर्म २९-सी ची नोंद ऑनलाइन झालेली बघा. नसेल तर मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरून नाव उतरेपर्यंत पाठपुरावा करा. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून निघून येऊ नका. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा.

मामांनी आरसी आणि एक चावी पहिल्या हप्त्यासोबत दिली. दुसरी चावी देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर होती. दुसरा हप्ता खात्यात जमा झाल्यावरही ते रोज सकाळी चहा घेताना ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघायचे. १९ व्या दिवशी मालकाच्या जागी दुसरं नाव दिसलं, तेव्हा त्यांनी ती चावी खुंटीवरून काढून मला दिली आणि म्हणाले, "आता नेऊन दे."